मल्लव्वाचा तहकूब घाणा

तहकूब हा शब्द मला शाळेने शिकवला नाही. मी चौथीपर्यंत शिकले, त्या पुस्तकांत तो नव्हता. तो मला शेजारच्या मल्लव्वाकडून मिळाला. आमच्या गावात हा शब्द घरात वापरणारी ती एकटीच. बाकीच्यांना तो कचेरीत ऐकू यायचा आणि कचेरीतून बाहेर पडताना माणसं त्याला शिव्या घालत यायची. दिवसभर बसायचं, तहकूब म्हणून ऐकायचं आणि हात हलवत घरी यायचं. मल्लव्वा मात्र तो शब्द मिठासारखा रोज वापरायची. भांडण तहकूब, उपास तहकूब, रडणं तहकूब.

तिचा बाप निजामाच्या राज्यात उदगीरच्या कचेरीत पुकारा करायचा. दारात उभं राहून वादीचं आणि प्रतिवादीचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि काम पुढे ढकललं की 'मुकदमा तहकूब' असं ओरडायचं, एवढीच त्याची नोकरी. मल्लव्वा लहानपणी त्याची भाकरी घेऊन जायची आणि पायरीवर बसून ऐकायची. बापाचा आवाज तिने पुरता उचलला होता. ती परसात बोलली की आमच्या चुलीपाशी ऐकू यायचं.

आमचं गाव लातूरहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मल्लव्वाचं घर रस्त्याला लागून, त्याच्या मागे आमचं, मध्ये एकच भिंत. ते लिंगायत तेली. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा लाकडी घाणा होता. जमिनीत रोवलेलं मोठं उखळ, त्यात फिरणारा जाड लाकडी दांडा, म्हणजे लाट, आणि डोळ्यांना ढापणं बांधून गोल फिरणारा बैल. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या कुरकुरीनं माझं डोकं उठायचं. पुढे इतकी सवय झाली की आवाज थांबला तरच लक्ष जायचं.

मल्लव्वा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची, ती मला कमळे. उंच, काळी, हात पुरुषासारखे. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या पेटीतलं लिंग. अंगाला कायम करडईच्या तेलाचा वास. तेल निघालं की मनगटाच्या मागे एक थेंब घ्यायची, चाटायची आणि मान हलवायची. मान हलली नाही तर ते तेल दिव्याला जायचं, गिऱ्हाइकाला नाही. माहेर उदगीरचं, कानडी मुलखाजवळ, म्हणून बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द यायचा. कुणी फार बोललं की 'साकु' म्हणायची. म्हणजे पुरे. समोरचा खरंच गप्प बसायचा.

त्यांच्यात सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. सोमवार बसवण्णाचा. त्या दिवशी घाणा तहकूब. पण घाणा थांबला म्हणून मल्लव्वा थांबायची नाही. सोमवारी तिला जास्त काम असायचं. उखळ पुसायचं, पाचर बघायची, दोर बदलायचा, लाकडाला जुनं तेल चोळायचं, बैलाचे खूर धुवायचे.

मी एकदा म्हटलं, "अक्का, सोमवार सुट्टीचा ना? मग इतकी कशाला राबतेस?"

"सुट्टी बैलाला हाय," ती म्हणाली. "चालती गोष्ट आपलं आपण चालती, कमळे. थांबलेल्या गोष्टीकडं बघावं लागतंय. न्हाई बघितलं तर ती थांबलेली ऱ्हात न्हाई, बंद पडती."

तिच्या सगळ्या बोलण्याचं मूळ हेच होतं. बंद आणि तहकूब या दोन गोष्टींची गल्लत तिला चालायची नाही.

घरात सून होती, महादेवी. दोघींचं भांडण रोजचं, आणि मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एकदा महादेवीनं दुधाचं पातेलं उतू घालवलं. मल्लव्वा सुरू झाली, "तुझ्या आईनं तुला चूल दाखवली का नुसती चित्रातली बघून आलीस..." इतक्यात महादेवीचा नवरा बसू जेवायला आला. "भांडण तहकूब," मल्लव्वा म्हणाली, "बसा जेवायला." जेवण झालं. सुनेला आग्रह करून दुसरी भाकरी वाढली. आमटी चांगली झालीय म्हणाली. भांडी घासून झाली, बसू बाहेर पडला आणि मल्लव्वाचा आवाज आला, "...तर चित्रातली बघून आलीस काय गं?" जिथं सोडलं होतं तिथूनच. मी भिंतीपलीकडे हसले. महादेवीसुद्धा हसली असावी, कारण पुढे भांडण फार चाललं नाही.

हा शब्द कुठं वापरायचा नाही हेही तिला कळत होतं. तिचा नवरा गेला तेव्हा नातेवाईक जमले. त्यांच्यात पुरतात. पुरून आल्यावर कुणी म्हातारा म्हणाला, "मल्लव्वा, तो कुठं गेला न्हाई, हितंच हाय तुझ्याजवळ." मल्लव्वा म्हणाली, "गेलाय. माझ्या डोळ्यांदेखत माती टाकली. उगं कायतरी सांगू नगा." लोकांना ते कठोर वाटलं. मला नाही वाटलं. गेलेल्या माणसाला गेलाच म्हणावं.

त्यानंतर घाणा तिनं आणि महादेवीनं चालवला. बसूचं मन त्यात नव्हतं. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीवर धरणाचं काम निघालं तेव्हा तो सिमेंटच्या कामावर गेला. महिना-दोन महिन्यांनी घरी यायचा. पोरगा चांगला होता. दारू नाही, काही नाही. फक्त घाण्याचा बैल होऊन जगायचं नाही म्हणायचा.

मग आमचा नवा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून आमचे तालुके काढले आणि लातूर जिल्हा केला. लातूरला फटाके वाजले. आमच्या गावात सरपंचानं पेढे वाटले. आता साहेब जवळ आले, कामं पटापट होतील असं सगळे म्हणत होते. रस्ता रुंद झाला, जीपगाड्या वाढल्या. पाऊस मात्र गेला. जिल्हा आला आणि पाऊस गेला असं बायका हापशावर म्हणायच्या. पहिल्या साली थोडं तरी पिकलं, दुसऱ्या साली करडई हातभर सुद्धा वाढली नाही. घाण्यात घालायला दाणा नाही. बैलाला कडबा नाही.

मल्लव्वाचा बैल शंभू. पांढरा, मानेजवळ करडा. गावात लोक जनावरं मिळेल त्या भावानं काढत होते. आम्हीही आमची जोडी विकली. मल्लव्वा विकायला तयार नव्हती.

माझा भाऊ रेल्वेत गँगमन होता, किनवट लाइनीवर, राहायला इस्लापूरला. तिकडे जंगल, धबधबा, नदीला थोडं का होईना पाणी. भाऊ म्हणाला, ओळखीचं एक घर आहे, शेतकरी माणसं, बैल सांभाळतील, त्याच्या बदल्यात कामाला लावतील. त्या बाजूला जनावरं घेऊन जाणारी मंडळी निघालीच होती. त्यांच्याबरोबर शंभू चालत गेला.

हापशावर कुणी विचारलं, "मल्लव्वा, बैल दिलास म्हणं?"

"दिला न्हाई. ठिवलाय."

"मंग घाणा बंद?"

"बंद कुणी म्हणलं? तहकूब हाय."

घाणा तहकूब ठेवणं सोपं नव्हतं. रिकामं लाकूड उन्हाळ्यात वाळतं आणि चिरा जातात. एकदा उखळाला चीर गेली की ते जळणाला. म्हणून मल्लव्वानं उखळाच्या आत जुन्या तेलाचा गाळ चोपडला आणि बाहेरून ओली पोती गुंडाळली. ती पोती रोज भिजवायला लागायची. आणि त्या साली आम्ही पाण्यासाठी शेजारच्या गावापर्यंत जात होतो.

बायकांनी तिला सोडलं नाही. एकजण सगळ्यांसमोर म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई आन् ही बया लाकडाला पाजायली."

मल्लव्वा म्हणाली, "तुझ्या घागरीतलं पाजायले का? माझ्या तोंड धुतलेल्या पाण्याचं मी काय बी करीन."

ते खरं होतं. तोंड धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी एका डेऱ्यात साठवायची आणि पोत्यावर शिंपडायची. घाणाघरात असा वास यायचा की मी दारातूनच बोलायची. महादेवी कुरकुर करायची, पण डेरा तीच उचलायची. आणि आठवड्यातून एकदा दोघी लाटेला धरून रिकामा घाणा चार फेरे फिरवायच्या, सांधे अडकू नयेत म्हणून. मी एकदा हात लावला. दोन फेऱ्यांत माझे खांदे भरून आले. बैलाबद्दल मला त्या दिवशी आदर वाटला.

त्याच साली माझ्या मुलीचं लग्न अडलं. सोयरीक ठरली होती, अहमदपूरकडची. मुलाकडचे आले आणि म्हणाले, पाऊसपाणी नाही, पुढच्या साली बघू. आमच्या घरातले पुरुष मान हलवून बसले. मल्लव्वा आतल्या दारात होती. ती तिथूनच बोलली, "बघू म्हंजी काय, पाव्हणं? मोडायचं आसंल तर मोडा म्हणा, आमी दुसरं बघताव. तहकूब ठिवायचं आसंल तर महिना सांगा. तारीख न्हाई त्येला तहकूब म्हणत न्हाईत."

पाहुणे चपापले. परकी बाई, त्यात तेलीण, मध्ये बोलते. पण मुलाचा बाप शहाणा होता. त्यानं पुढच्या वैशाखाचं नाव घेतलं. आणि मल्लव्वानं मला वर्षभर निवांत बसू दिलं नाही. संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगूळ पाठव, होळीला विचारपूस कर, नवरदेवाची आजी आजारी पडली तर जाऊन ये. "थांबलेलं लगीन हाय, कमळे. त्येच्याकडं बघावं लागतंय." वैशाखात लग्न झालं. जावई फार हुशार नाही, पण मुलगी नांदते. त्या साली 'बघू' म्हणून सोडलेल्या दोन सोयरिकी आमच्याच गल्लीत मोडल्या.

दुसऱ्या दुष्काळी उन्हाळ्यात बसू विष्णुपुरीहून आला आणि आईसमोर बसला. मी तिथंच होते, डाळ निवडत. तो म्हणाला, "अव्वा, रस्त्यावर दिवसभर गाड्या चालू हायेत. जिल्हा झाल्यापासून ही जागा सोन्याची झालीय. घाणा काढू. किराणा दुकान टाकतो. धरणाचं काम सपत आलंय, मला बी घरी येता येतंय. महादेवी किती दिवस एकटी ऱ्हाणार?"

"घाणा बंद न्हाई."

"दोन साल झालं. लोक डब्यातलं तेल खायला शिकले."

"शिकले तसं इसरतील."

बसू चिडला नाही. तेच वाईट होतं. चिडला असता तर मल्लव्वानं भांडण केलं असतं. तो नुसता पोत्यांकडे बघत राहिला. महादेवी चुलीपाशी पाठ करून उभी होती, पण तिचा हात थांबला होता. मल्लव्वाच्या ते लक्षात आलं. मग म्हणाली, "पाऊस आल्यावर पैली करडई निघंल. ती करडई ह्या घाण्यात फिरली तर तू पुन्यांदा दुकानाचं नाव काढायचं न्हाई. न्हाई फिरली तर खोली तुझी. कमळा साक्षीला हाय."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी साक्षीला राहिले.

पाऊस आला. चांगला आला. करडई काट्यानं भरून उभी राहिली. शिवरात्र झाली की काढणी. मल्लव्वानं ओली पोती काढली, उखळाला हात फिरवला. एक चीर नव्हती. महादेवीनं खोली झाडली, सारवली. राहिला बैल. गावात उरलेले बैल औताला होते, आणि तसंही घाण्याला कुठलाही बैल चालत नाही. डोळे बांधल्यावर साधा बैल उभाच राहतो नाही तर उधळतो. शंभूच पाहिजे होता.

मी आणि मल्लव्वा निघालो. एसटीनं नांदेड, तिथून किनवटची गाडी. तिच्या पिशवीत भाकरी, नवा कासरा आणि शंभूची ती चामड्याची ढापणं. परत येताना ती बैलाबरोबर चालत येणार होती. मी म्हटलं, "या वयात? वाटेत मरशील."

"मेले तर बैल घरी आणून मग मरीन," ती म्हणाली. गाडीत बसल्या बसल्या ती घाण्याचंच बोलत होती. पहिलं तेल कुणाला, पेंड कुणाला.

भाऊ आम्हाला त्या घरी घेऊन गेला. गावाबाहेर, जंगलाच्या कडेला कुडाचं घर. घरधनीण जनाबाई, तिशीतली, हडकुळी बाई. आम्ही पोचलो तेव्हा तिचा नवरा नांगर घेऊन येत होता. जोडीत एक तांबडा बैल आणि एक शंभू. शंभू भरला होता. मल्लव्वा पुढे झाली, हाक मारली, मानेवर हात ठेवला. बैल गवताकडे बघत होता. बैल मालकाला ओळखतो आणि डोळ्यातून पाणी काढतो असं सिनेमात दाखवतात. याने कान सुद्धा हलवला नाही.

आम्ही का आलो हे जनाबाईला सांगायला लागलं नाही. तिनं आम्हाला चहा दिला आणि चुलीकडे बघत म्हणाली, "न्या बाई. तुमचाच हाय. मी पोरायले रोज सांगत होती, हा आपला नोहे, जीव नका लावू."

मल्लव्वानं विचारलं, "ह्यो गेल्यावर तुमचं कसं?"

"पयले कसं होतं? आमचा एक बैल मेला तवापासून अर्धं शेत पडीक होतं. हा आला तं सारं शेत वाहून राहिलो, दुसऱ्याचं बी वाहून देतो." मग तिला वाटलं आपण जास्त बोललो. "करू कायतरी. तुम्ही त्याची काळजी नका करू."

सकाळी उठलो तेव्हा जनाबाईनं शंभूला धुतलं होतं, कुंकू लावलं होतं. कासरा हातात घेऊन ती अंगणात उभी होती. तिच्या नवऱ्यानं मात्र बाहेर तोंड दाखवलं नाही. मल्लव्वानं कासरा घेतला. शंभू निमूट तिच्या मागे आला. कुंपणापाशी आल्यावर मल्लव्वानं पिशवीतून ढापणं काढली. बघावं म्हणाली. ती बांधायला गेली तसा त्यानं मान झटकली. पुन्हा बांधायला गेली, पुन्हा झटकली, आणि दोन पावलं मागे सरला. मारका नव्हता तो. फक्त नको म्हणत होता.

मल्लव्वानं ढापणं पिशवीत टाकली. मग जनाबाईला म्हणाली, "तुमच्या मालकांला म्हणावं, जोडी जुंपा. मला बघायचंय."

नवरा आला. त्याला काही समजलं नाही, पण त्यानं जोडी जुंपली आणि शेतात तास धरलं. आम्ही बांधावर बसलो. नांगर त्या टोकाला गेला, वळला, आला. पुन्हा गेला.

"सरळ चालायलाय बघ," मल्लव्वा म्हणाली. "माझ्याकडं जलमभर सरळ चालला न्हाई ह्यो."

"मग काय झालं? घरी गेल्यावर शिकेल परत. चार दिवस उपाशी ठेव, ढापणं बांधून घेईल."

"घील की. बैल हाय, घील." ती नांगराकडेच बघत होती. "कमळे, आपण समजायलो घाणा तहकूब, बैल तहकूब. ह्यो कुटं तहकूब हाय? ह्येचं काम चालू हाय. पोट चालू हाय, ह्यांचं शेत चालू हाय. थांबलो ते आपुन. आपल्या थांबण्याला ह्यांचं चालतं काम मोडायचं?"

मला राग आला. मी म्हटलं, "हे बघ, बैल तुझा आहे. दोन वर्षं तू घाण मारणारी पोती भिजवलीस. आज बैल सोडलास तर खोली गेली. मी साक्षीला आहे, मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नगंस."

"आणि घाणा?"

"साकु," ती म्हणाली.

मी गप्प बसले. नांगर आमच्याजवळ आला तसा मल्लव्वानं आपला नवा कासरा जनाबाईच्या हातात दिला.

"पेरणीपुरता ठेवून जाता काय बाई?" तिनं विचारलं.

"न्हाई. आतापातूर ठिवला हुता. आता दिला."

जनाबाई पाया पडायला वाकली. मल्लव्वानं तिला मध्येच धरलं आणि म्हणाली, "त्येला रातचं भिजवलेलं खाणं देऊ नगा, पोट फुगतंय." एवढंच. आम्ही दुपारच्या गाडीनं निघालो. मी तिच्याशी नांदेडपर्यंत बोलले नाही. तिला त्याचं काही नव्हतं. ती खिडकीला डोकं टेकून घोरत होती.

पाडव्याला बसू आला. रिकामी दावण बघून त्याला कळलं. त्यानं काही विजय मिळवल्यासारखं केलं नाही. आईजवळ बसला आणि तिचाच शब्द वापरून म्हणाला, "अव्वा, अजून एक साल तहकूब ठिवू. दुसरा बैल बघू. मी घाई करत न्हाई."

मनापासून बोलला. मल्लव्वाला मोह झाला असणार. मला तरी झाला असता. पण ती म्हणाली, "कुटल्या तारखंपर्यंत?"

बसू रिकाम्या दावणीकडे बघायला लागला.

"मंग बंद हाय," मल्लव्वा म्हणाली. "सुताराला सांगून ये."

घाणा काढायला सहा माणसं लागली. वर दिसत होतं त्याच्या दीडपट लाकूड जमिनीत होतं. खालची माती तेल पिऊन काळी झाली होती, हातात घेतली तर चिकटायची. लाकूड मात्र शेवटपर्यंत निरोगी निघालं. सुतार म्हणाला, अजून दोन पिढ्या टिकलं असतं. महादेवी रडायला लागली. मल्लव्वा तिला म्हणाली, "आता कशाला रडायलीस? डेरा उचलून उचलून कंबर मोडली म्हणत हुतीस न्हवं?" आणि खड्ड्यात माती लोटायला स्वतः फावडं घेतलं. रडली का? माझ्यासमोर नाही. मी मुद्दाम बघायलाही गेले नाही.

खोलीत दुकान झालं. चांगलं चाललं. मल्लव्वा दुपारी गल्ल्यावर बसायची. डब्यातलं तेल मोजून देताना त्याचा वास घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अव्वा, इकायलीस का हाकलायलीस?" ती म्हणायची, "घे की, तुझ्या जिभंला काय कळतंय." बसू कपाळाला हात लावायचा. सोमवारी दुकान बंद ठेवायचं का असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "दुकानाला कुटं खूर हायेत? उघड."

ती गेली तेव्हा मी गावात नव्हते, मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. परत आले तेव्हा तिला पुरून झालं होतं. मी तिला शेवटची बघितली ती त्याच्या आधी, पोळ्याच्या तोंडावर, लातूरच्या बसस्टँडवर. मी डोळे दाखवायला गेले होते. नांदेडच्या गाडीपाशी ओळखीचा आवाज ऐकू आला. मल्लव्वा दारात उभी राहून कंडक्टरशी भांडत होती.

"मावशी, ती पिशवी वर टाका, मानसाला उभं ऱ्हायला जागा न्हाई."

"वर टाकली की गोंडे चेमटतेत. मांडीवर घीन."

"मंग चढा तरी!"

मी जवळ गेले. पिशवीत रंगीत गोंडे होते, घुंगरांच्या माळा होत्या, शिंगांना लावायचा रंग होता. सगळं दोन-दोन.

"अक्का, इस्लापूरला?"

"दर साली जाते की. तुला सांगितलं तर तू बडबडतीस."

"दोन-दोन कशाला?"

"तांबड्याला न्हाई बांधायचं? जोडी हाय त्येंची."

"आणि शंभू असेल का अजून? वय झालं त्याचं."

"आसंल. न्हाई तर दुसरा आसंल. दावणीला कुणीतरी आसंलच की." तिनं पिशवी छातीशी धरली आणि पायरी चढली. "डोळं दाखवलीस का? दाखव. न्हाई तर माझ्यासारकी ठेचकाळशील."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी खिडकीशी चार पावलं चालले, पण तिला ते दिसलं नाही. ती शेजारच्या बाईला सांगत होती, "सरक गं जरा, मला लांब जायचंय."